मॅडम, तुमच्या ‘नाही’बद्दल आभार

आदरणीय मॅडम,
सप्रेम नमस्कार.

फळं-भाज्या टिकवण्याच्या प्रशिक्षणाच्या शेवटच्या दिवशी बचत गटाने नारळ आणि ब्लाऊजपीस देऊन तुमचे आभार मानले, पण ते रीतीप्रमाणे झाले. तुम्ही मटाराच्या बाटल्यांना ‘नाही’ म्हणालात, त्याबद्दल वेगळे आभार मानायचे राहिले होते. जाऊबाईंना विचारूनच हे चारचौघांत लिहिते आहे.

कोकणात पावसाळ्यात वीज गेली की कधी येईल याचा नेम नाही, त्यामुळे फ्रीजरवर आम्ही कुणी फारसं विसंबत नाही. आमरस बाटलीत भरायचा, सोड्याच्या बाटलीला असतं तसं पत्र्याचं बूच यंत्राने दाबून बसवायचं आणि बाटल्या मोठ्या पातेल्यात उकळायच्या, हे आमच्याकडे चालत आलेलं. जाऊबाईंनी त्याच रीतीने थंडीत स्वस्त झालेला मटार मिठाच्या पाण्यात भरून ठेवला होता. चांगला तासभर उकळलेला. पाणी स्वच्छ, फेस नाही की बूच फुगलेलं नाही. आम्हाला वाटलं, आता कौतुक होणार. तुम्ही बाटली उजेडात धरलीत, खाली ठेवलीत आणि म्हणालात, “ही उघडायची नाही. चाखायचीसुद्धा नाही.”

जाऊबाई तोंड पाडून बसल्या. दुसरं कुणी असतं तर ‘बघा बाई, जपून वापरा’ म्हणून विषय मिटवला असता. तुम्ही फळ्याकडे वळलात आणि 4.6 हा आकडा लिहिलात. पीएच म्हणजे आंबटपणाचं माप; तो त्याच्या खाली, म्हणजे पदार्थ पुरेसा आंबट. त्याच्या वर गेला की हवाबंद बाटलीत क्लॉस्ट्रिडियम बोटुलिनम नावाचा जिवाणू वाढू शकतो. त्याचे बीजाणू, म्हणजे बियांसारखी टणक रूपं, 100 अंशांच्या उकळत्या पाण्यातही टिकतात. ते मारायला दाबाखालची 121 अंशांच्या आसपासची वाफ लागते. उकळल्याने बाकीचे जंतू मरतात, हवाही निघून जाते, आणि ह्याला रान मोकळं मिळतं. त्याचं विष दिसत नाही, वासाला येत नाही, आणि माणसाचा श्वास बंद पाडू शकतं.

“मग कुकरला लावला तर?” हा प्रश्न कुणीतरी विचारणारच होतं. त्यावरही तुमचं उत्तर नाहीच. आपला स्वयंपाकाचा कुकर लहान, पटकन तापतो नि पटकन निवतो, आणि त्यात बाटलीच्या मधोमध किती वेळ किती उष्णता पोचते याची कुणी चाचणी घेतलेली नाही; शिट्ट्या मोजून हे काम होत नाही. मटार वाळवा, नाहीतर ताजा खा. बाटल्या न उघडता पिशवीत बांधून, कुत्रं-मांजर उकरणार नाही इतक्या खोल पुरायला लावल्यात. कोंबड्यांनाही घालू दिल्या नाहीत. माल टाकून देताना आमच्या जिवावर येत होतं, हे तुमच्या लक्षात आलंच असेल.

पण मला त्याहून जास्त आवडलं ते नंतरचं. सासूबाई दाराशी बसून ऐकत होत्या आणि ‘आम्ही काय इतकी वर्षं विष खाल्लं?’ हे त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं. तुम्ही त्यांना लोणच्याला मीठ किती घालता ते विचारलंत. त्यांनी ओंजळ दाखवली, तुम्ही ती वजनकाट्यावर ओतायला लावलीत. फोडींच्या वजनाच्या साधारण 15 टक्के भरलं. “आजी, तुमचं बरोबर आहे,” म्हणालात, आणि का बरोबर आहे तेही सांगितलंत. कैरीचा आंबटपणा आणि हे मीठ मिळून लोणचं टिकवतात. वरचं तेल हवा अडवून बुरशी रोखतं, एवढंच त्याचं काम. म्हणून लसूण नुसती तेलात बुडवून बाहेर ठेवायची नाही. लसणीला स्वतःचा आंबटपणा नसतो, तिला लिंबाचा रस किंवा व्हिनेगर भरपूर हवं. सासूबाई आता हे शेजारणींना अशा थाटात सांगतात, जणू शोध त्यांचाच.

तुम्ही सावरून दिलेल्या गोष्टीही पुष्कळ. साखर धरलेला मोरांबा थोडं पाणी आणि लिंबाचा रस घालून मंद आचेवर मोकळा झाला. पातळ राहिलेला जॅम पुन्हा आटवला. घातलेल्या साखरेच्या दीडपट वजन भरलं की उतरवायचा, हा तुमचा हिशेब आता भिंतीवर लिहिलाय. कोकमाचं सरबत फिकं का पडलं, याचं उत्तर मात्र आम्हाला कधीच सापडलं नसतं: केएमएस (पोटॅशियम मेटाबायसल्फाइट) ही टिकवण्यासाठी घालायची पावडर लाल-जांभळ्या रसाचा रंग उडवते, तिथे तिच्याऐवजी सोडियम बेंझोएट लागतं, आणि तेही किलोला एका ग्रॅमहून कमी. चमच्याने ते मोजता येत नाही, म्हणून गटाने सोनाराकडे असतो तसा छोटा काटा घेतला. बुरशी आलेल्या जॅमचा वरचा थर काढून खाली ‘चांगला’ असलेला खाण्याची सवय मोडायला मात्र वेळ लागला. अजूनही एक-दोन घरांत चोरून चालते, खोटं कशाला सांगू.

आता एक काम आहे. काप्या फणसाचे गरे पाकात बाटलीबंद करावेत असं गटात चाललं आहे. पिकलेला गरा गोड, आंबटपणा जवळजवळ नाही, म्हणजे पाकात सायट्रिक आम्ल घालावं लागणार, इथवर आम्हाला कळलं. किती, हे अंदाजाने ठरवायचं नाही यावर पहिल्यांदाच सगळ्यांचं एकमत झालं, आणि तो आग्रह जाऊबाईंचा होता. मे महिन्यात फणस उतरतील. पीएचमीटर घेऊन या, दुपारी जेवायलाच थांबा. तोवर एकही बाटली भरत नाही.

आपली,
गटाच्या हिशेबाची वही सांभाळणारी