फलक काढायचा कोणी?

महोदय,

स्वादुपिंडाच्या अचानक उद्भवलेल्या दाहाने (अक्यूट पँक्रियाटायटिस) माझे मेहुणे रुग्णालयात होते. खाटेला ‘तोंडाने काही नको’ असा फलक चार दिवस लटकत होता. उलट्या दुसऱ्याच दिवशी थांबल्या, भूक लागली म्हणून ते कुरकुरत होते; पण फलक काढायचा कोणी, हे कुणालाच ठाऊक नव्हते! झेपेल तसे २४ तासांच्या आत खायला सुरुवात करावी, ही अमेरिकन गॅस्ट्रोएंटेरॉलॉजिकल असोसिएशनची शिफारस २०१८ची आहे.

अँटिबायोटिक मात्र पहिल्या तासापासून सुरू. संसर्गाची खूण नसताना ‘खबरदारी म्हणून’ ते देऊ नये, हे मार्गदर्शक तत्त्वे कधीपासून सांगत आहेत. सलाइनचेही तेच. याच आजाराच्या रुग्णांवर झालेल्या २०२२च्या ‘वॉटरफॉल’ या वैद्यकीय चाचणीत भरमसाट सलाइन दिलेल्यांपैकी सुमारे २० टक्के रुग्णांच्या शरीरात पाणी साचले, बेताने दिलेल्यांत ६ टक्के. फायदा काही दिसला नाही, आणि चाचणी मुदतीआधीच थांबवावी लागली.

डॉक्टरांना हे माहीत नसते असे मी म्हणत नाही. रात्रपाळीच्या निवासी डॉक्टरसमोर जुना छापील ऑर्डरचा कागद असतो, तो तोच भरतो. तो कागद बदलणे कुणाचे काम?

सर्वांत खटकले ते शेवटी. दाह सौम्य होता, कारण पित्ताशयातले खडे. अशा वेळी पित्ताशय त्याच मुक्कामात काढावे, असा संकेत आहे. आमच्या डिस्चार्ज कार्डावर ‘सहा आठवड्यांनी शस्त्रक्रियेसाठी या’ असे होते. तिसऱ्या आठवड्यात दुसरा झटका आला.

– एक वाचक