तारीख सोडा, आरोप वाचा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर परत तेच सुरू झालंय, अमुक तारखेला प्रभू येणार, जगाचा शेवट जवळ आला, आधी लस म्हणजे ६६६ (बायबलमधल्या दुष्ट श्वापदाची खूण) होती, मग आधार झालं, आता क्यूआर कोड, आणि खाली लिहिलेलं की दहा जणांना पाठवा. म्हाताऱ्या बायका घाबरून रात्री झोपत नाहीत हो. मी जन्मापासून मराठी मंडळीतला, म्हणजे मराठी चर्चमधला, भायखळ्याला राहतो, पवित्र शास्त्रातल्या शेवटच्या न्यायावर माझा पूर्ण विश्वास आहे आणि म्हणूनच हे बघवत नाही.

तारखेचं तर येशूने स्वतःच सांगून ठेवलंय, मार्काच्या शुभवर्तमानाच्या १३ व्या अध्यायात, की तो दिवस कुणालाच ठाऊक नाही, देवदूतांना नाही, पुत्रालाही नाही, फक्त पित्याला. तरी अमेरिकेत विल्यम मिलर या उपदेशकाचं ऐकून हजारो लोक २२ ऑक्टोबर १८४४ ची वाट बघत बसले, काहींनी तर शेतातलं पीकसुद्धा काढलं नाही, आणि २०११ मध्ये हॅरॉल्ड कॅम्पिंग या अमेरिकन रेडिओ उपदेशकाने २१ मे ही तारीख दिली, ती गेली तर २१ ऑक्टोबर दिली, तीही गेली.

पण मला जे सांगायचंय ते वेगळंच आहे. प्रकटीकरण या बायबलच्या शेवटच्या पुस्तकात न्याय कशाचा होतो हे कुणी वाचतच नाही. ते लिहिणारा योहान पात्म बेटावर होता, रोमी सत्तेचा काळ, आणि त्याने हे आजच्या तुर्कस्तानातल्या ७ मंडळ्यांना लिहिलं. त्यातलं बाबेल नगर म्हणजे ७ टेकड्यांवर बसलेलं रोम हे बहुतेक अभ्यासक मान्य करतात आणि ६६६ चा आकडा रोमी सम्राट नीरोच्या नावाचा असं पुष्कळ जण मानतात. आता १८ वा अध्याय काढा. बाबेल जळतंय आणि व्यापारी लांब उभे राहून रडतायत, कारण त्यांचा माल घ्यायला आता कुणी उरलं नाही. मालाची यादीच दिलीय, सोनं, रुपं, मोती, रेशीम, हस्तिदंत, दालचिनी, धूप, तेल, मैदा, गुरं, घोडे, रथ, आणि सगळ्यात शेवटी माणसांची शरीरं आणि त्यांचे जीव. घोड्यारथांच्याही खाली माणूस. मला वाटतं सगळं आरोपपत्र त्या एका ओळीत आहे. आणि ६ व्या अध्यायात काळ्या घोड्यावरचा स्वार तराजू घेऊन येतो तेव्हा भाव ऐकू येतो, एका दिनाराला एका माणसाच्या एका दिवसापुरते गहू, आणि दिनार म्हणजे तेव्हाची अख्ख्या दिवसाची मजुरी. म्हणजे दिवसभर राबायचं आणि स्वतःपुरतं खायचं, मग बायकापोरांनी काय खायचं? वर हुकूम असा की तेलाला आणि द्राक्षारसाला धक्का लावू नका.

हे वाचून मुंबई आठवत नाही असं कसं होईल. आमच्या गल्लीच्या तोंडाशी रात्री मॅनहोलचं झाकण काढून एका पोराला कमरेला दोर बांधून खाली सोडलं, अंगात फक्त चड्डी, तोंडाला मास्क नाही, ठेकेदाराचा माणूस वरून मोबाईलचा टॉर्च मारत होता. पोरगा वर आला तेव्हा त्याला पाणी प्यायचं होतं आणि त्याचा हात लागेल म्हणून कुणी बाटली देईना, शेवटी लांबून ओंजळीत ओतलं. २०१३ चा कायदा आहे, सेफ्टीचं सामान दिल्याशिवाय माणसाला गटारात उतरवायला बंदी आहे, आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टाने गटारात मेलेल्या माणसाच्या घरच्यांना ३० लाख द्यायला सांगितलंय. तरी माणसं उतरतायत आणि मरतायत. श्वापदाची खूण मोबाईलमध्ये शोधणाऱ्यांनी त्या झाकणाशी येऊन उभं राहावं.

न्याय म्हटलं की आपल्याला भीती वाटते, पण प्रकटीकरणातच वेदीखालचे जीव, म्हणजे देवाच्या वचनासाठी मारले गेलेले लोक, ओरडतायत की प्रभू, अजून किती काळ, त्यांना न्याय पाहिजे आहे, त्यांची तीच आशा आहे. माझीही आहे. मत्तयच्या शुभवर्तमानाच्या २५ व्या अध्यायात राजा (न्यायाला बसलेला ख्रिस्त) काय विचारतो, भुकेल्याला खायला दिलं का, तहानेल्याला पाणी दिलं का, कुणाला तारखा पाठ होत्या हे विचारत नाही. आणि येशूचा शिष्य पेत्र म्हणतो की न्यायाला सुरुवात देवाच्या घरापासून होते, तेव्हा आमच्या पाळकांना आणि कमिट्यांना माझी हात जोडून विनंती आहे, नाताळाआधीच्या आगमनकाळात येशूच्या पुनरागमनावर संदेश देताना प्रकटीकरणाचा हा १८ वा अध्याय घ्या, आणि चर्चच्या आवारात झाडू मारणाऱ्याला, गेटवरच्या वॉचमनला आपण महिन्याला किती देतो आणि वेळेवर देतो का, ते त्याच रविवारी मंडळीपुढे वाचून दाखवा. याकोबाने बायबलमधल्या आपल्या पत्रात लिहिलंय की दाबून ठेवलेली मजुरी ओरडते आणि ते ओरडणं देवाच्या कानापर्यंत जातं.

तुम्हालाही एक विनंती. मॅनहोलमध्ये माणूस मेला की दुसऱ्या दिवशी चार ओळींची बातमी येते आणि मग काहीच येत नाही. त्याचं नाव काय, गाव कुठलं, ठेकेदारावर केस उभी राहिली का, ते ३० लाख घरी पोचले का, हे सहा महिन्यांनी, वर्षाने परत जाऊन विचारा आणि पहिल्या पानावर छापा.

आपला नम्र,
एक वाचक, भायखळा, मुंबई