दोष चित्रपटाचा की थिएटरचा?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

नुकत्याच पाहिलेल्या चित्रपटाबद्दल वाचक चार-पाच ओळींत मत कळवतात, ते पुण्यात आवर्जून वाचलं जातं. शनिवारी कोणता खेळ गाठायचा हे अनेक घरांत अशाच ओळींवर ठरतं. मराठी चित्रपटाला मोजकेच खेळ मिळतात, तेही अडनिड्या वेळी. अशा वेळी ‘संवाद कळत नाहीत’ एवढं एक वाक्य फिरलं तरी पुढच्या आठवड्यात तो चित्रपट उतरतो. या मतांमध्ये काही तक्रारी पुन:पुन्हा येतात. त्या खऱ्याच असतात, पण पुष्कळदा त्यांचं मूळ चित्रपटात नसतं. ते ओळखायचं कसं, हे सांगण्यासाठी हे पत्र.

आधी आवाजाचं. थिएटरमधल्या ध्वनियंत्रावर शून्य ते दहा असे आकडे असतात. चित्रपटाचं मिक्सिंग, म्हणजे संवाद, संगीत आणि इतर आवाज एकत्र जुळवण्याचं काम, करताना थिएटरमध्ये तो ७ वर वाजेल असं धरलेलं असतं. प्रत्यक्षात जाहिराती आणि ट्रेलर कर्कश असतात, प्रेक्षक कुरकुरतात, आणि यंत्र ५ वर किंवा त्याहूनही खाली आणलं जातं. पुढे मुख्य चित्रपट सुरू झाला तरी ते तिथेच राहतं. गाणी आणि मारामारी तेवढ्यातही ऐकू येतात. कुजबुज, सुस्कारे, पाठमोरं बोललेलं वाक्य मात्र एसीच्या घरघरीत बुडून जातं. दुसरं कारण पडद्यामागच्या मधल्या स्पीकरचं. पडद्याला बारीक छिद्रं असतात आणि बहुतेक सगळे संवाद त्यांच्यामागच्या या एकाच स्पीकरमधून येतात. तो बिघडला की संगीत भरगच्च वाजतं आणि माणसं मात्र विहिरीतून बोलल्यासारखी वाटतात. हे दोन्ही दोष थिएटरचे.

चित्रपटाचा दोष वेगळा ओळखू येतो. शांत प्रसंगातले संवाद स्वच्छ ऐकू येतात, पण पार्श्वसंगीत सुरू झालं की ते गाडले जातात, असं प्रत्येक वेळी होत असेल तर मिक्सिंग चुकलंय. पात्र शेताच्या पलीकडच्या बांधावर उभं असूनही आवाज कानाशी बोलल्यासारखा येत असेल, तर डबिंग घाईत उरकलंय. तसं लिहावं, स्पष्ट लिहावं.

‘फार काळोखा आहे’ या तक्रारीसाठी एक सोपी चाचणी आहे. प्रत्येक चित्रपटाआधी सेन्सॉरचं प्रमाणपत्र दिसतं. त्याचा कागद पडद्यावर पांढरा दिसतोय की मळकट पिवळा, हे पाहावं. मळकट असेल तर बहुधा प्रोजेक्टरचा दिवा उतरला आहे. झेनॉनचा दिवा वापराच्या तासांबरोबर मंद होत जातो आणि महाग असल्यानं बदलायला टाळाटाळ होते. थ्रीडीसाठी प्रोजेक्टरपुढे लावलेली काच साध्या चित्रपटाच्या वेळी काढायची राहिली, तरीही प्रकाश बराच कमी होतो. टू-डी चित्रपटाला पडद्यावर १४ फूट-लॅम्बर्ट (पडद्याच्या उजेडाचं माप) उजेड असावा असं प्रमाण आहे, आणि छायाचित्रकारानं रात्रीचा प्रसंग तेवढा उजेड गृहीत धरूनच रंगवलेला असतो. प्रमाणपत्र आणि सबटायटल्स लख्ख दिसत असूनही प्रसंग अंधारा असेल, तर तो दिग्दर्शकाचा आणि छायाचित्रकाराचा निर्णय. तो आवडला नाही, असं म्हणायचा हक्क मग पूर्ण आहे. त्याच प्रमाणपत्रावरची बारीक अक्षरं वाचता आली नाहीत, तर फोकस गेलाय. चित्रपटाची लांबीही तिथेच मिनिटांत दिलेली असते, ती लक्षात ठेवावी. चित्रपट ‘लांबलाय’ म्हणताना ती उपयोगी पडते.

‘मालिकेसारखा दिसतो’ हे मत बहुतेक वेळा घरी टीव्हीवर पाहिलेल्या चित्रपटाबद्दल असतं. चित्रपट सेकंदाला २४ चित्रांचा असतो. नवे टीव्ही त्यांच्या मधली चित्रं स्वत: तयार करून हालचाल गुळगुळीत करतात, आणि म्हणून चांगल्या छायाचित्रणालाही स्टुडिओतल्या व्हिडिओची कळा येते. सेटिंगमध्ये जाऊन हे बंद करता येतं. सॅमसंगमध्ये त्याचं नाव ऑटो मोशन प्लस किंवा पिक्चर क्लॅरिटी, एलजीत ट्रूमोशन, सोनीत मोशनफ्लो. ‘फिल्ममेकर मोड’ असेल तर तो निवडला की काम भागतं. घरी संवाद दबत असतील तर ॲपच्या ऑडिओ यादीत ५.१ ऐवजी स्टिरिओ निवडावं. टीव्हीला दोनच स्पीकर असताना सहा वाटांचा आवाज त्यांत कोंबला जातो, त्यात बोलणं मागे पडतं. जुन्या चित्रपटांची गत याहून वाईट. १९३३ मध्ये पुण्यात आलेल्या प्रभात फिल्म कंपनीच्या, आज जिथे फिल्म इन्स्टिट्यूट आहे त्या स्टुडिओत झालेल्या चित्रपटांची चौकट जवळपास चौकोनी, ४:३ होती. रुंद टीव्हीवर ती ताणून पाहिली की नटांचे चेहरे पसरट होतात, झूम केली की डोकी कापली जातात. दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या राहू द्याव्यात, चित्र तेवढंच होतं.

‘उत्तरार्ध रेंगाळतो’ याबद्दल थोडकंच. आपले चित्रपट मध्यंतर धरून लिहिलेले असतात आणि नवं वळण अनेकदा मध्यंतरानंतरच्या पहिल्या काही मिनिटांत येतं. त्याच वेळी अर्धं थिएटर पॉपकॉर्न घेऊन जागा शोधत असतं. परदेशी चित्रपटात मध्यंतर लिहिलेलंच नसतं, थिएटर ते कुठेही पाडतं. नुसतं ‘लांबलाय’ म्हणण्यापेक्षा घड्याळाकडे पहिल्यांदा लक्ष गेलं तेव्हा कोणता प्रसंग चालू होता, हे सांगितलं तर वाचणाऱ्याला खरी कल्पना येते. प्रसंग मध्यंतरानंतरचा असेल तर रहस्य न फोडता सांगावा.

थिएटरचा दोष दिसला तर पहिल्या दहा मिनिटांत उठून डोअरकीपरला किंवा मॅनेजरला सांगावं. मल्टिप्लेक्समध्ये खेळ सर्व्हरवरच्या वेळापत्रकाप्रमाणे आपोआप सुरू होतात, प्रोजेक्टरच्या खोलीत बऱ्याचदा कोणी नसतं. त्यामुळे प्रेक्षकानं सांगितल्याशिवाय तो बिघाड कोणाला कळतही नाही. ‘आवाज बरोबर नाही’ असं मोघम न सांगता ‘मधला स्पीकर बंद आहे’, ‘चित्र पडद्याबाहेर जातंय’, ‘सबटायटल्स खालून कापली जाताहेत’ असं नेमकं सांगितलं की दुरुस्ती लवकर होते.

आपल्याला विनंती अशी, की वाचकांची मतं छापताना त्यांच्याकडून एक ओळ जरूर मागवावी. चित्रपट थिएटरमध्ये पाहिला की टीव्हीवर की मोबाइलवर, मूळ भाषेत की डब केलेला, आणि आवाज-चित्र ठीक होतं का. दक्षिणेकडचा चित्रपट हिंदीत डब करून पाहिला असेल, तर अभिनयाबद्दलचं मत अर्धं डबिंग कलाकाराबद्दलचं असतं, म्हणून भाषेचा उल्लेख तर हवाच. जागेची अडचण असेल तर कथासार कमी करावं. ते जाहिरातीतही मिळतं.

आपला,
एक वाचक, एरंडवणे, पुणे