लेसरआधी दृष्टिपटल तपासा

महोदय,

मोतीबिंदू काढून भिंग बसवल्यावर वर्ष-दोन वर्षांनी धूसर दिसू लागले की ‘मोतीबिंदू परत आला’ असे सर्रास म्हटले जाते. मोतीबिंदू परत येत नसतो. शस्त्रक्रियेत डोळ्यातल्या मूळ भिंगाची पिशवी तशीच ठेवून तिच्यात कृत्रिम भिंग बसवतात. पिशवीच्या कडेला उरलेल्या पेशी हळूहळू वाढून भिंगामागच्या पातळ पापुद्र्यावर पसरतात आणि तो दुधाळ होतो. याला लोक ‘जाळी आली’ म्हणतात. यॅग लेसरने पापुद्र्याला मधोमध ३-४ मिलिमीटरचे छिद्र पाडले की दिसू लागते. काम काही मिनिटांचे. टाका नाही, पट्टी नाही.

मधुमेह असेल तर मात्र इतक्यावर भागत नाही. शस्त्रक्रियेनंतर साधारण ४ ते १२ आठवड्यांत दृष्टिपटलाच्या मध्यभागी, म्हणजे मॅक्युलाला, सूज येऊ शकते आणि मधुमेहींना हा धोका जास्त असतो. आधीपासून रेटिनोपॅथी, म्हणजे मधुमेहामुळे दृष्टिपटलाच्या रक्तवाहिन्यांना झालेली इजा, असेल तर तीही वाढू शकते. तक्रार तीच, ‘धुरकट दिसतंय’. पण लेसरने ही सूज उतरत नाही, उलट कधी वाढते. तिला थेंब किंवा डोळ्यात द्यायची इंजेक्शने लागतात, आणि उशीर झाला तर गेलेली नजर पूर्ण परत येत नाही.

घरच्या घरी थोडा अंदाज येतो. एक डोळा झाकून खिडकीच्या गजांकडे पाहावे. गज वाकडे दिसले किंवा वाचताना मधलीच अक्षरे पुसट झाली, तर संशय दृष्टिपटलावर. सगळेच सारखे धूसर आणि रात्री समोरच्या गाडीचा दिवा फाकतो, तर बहुधा जाळी. हा केवळ अंदाज आहे. निदान बाहुली मोठी करून केलेल्या तपासणीने आणि ओसीटीनेच, म्हणजे दृष्टिपटलाचे थर दाखवणाऱ्या स्कॅननेच, होते. जाळी इतकी दाट असेल की आतले दिसतच नाही, तर सोनोग्राफी करून मगच लेसर करावा. लेसरनंतर काही तास डोळ्याचा दाब वाढू शकतो, म्हणून तासाभराने तो मोजल्याशिवाय रुग्णाला घरी सोडू नये. पुढे कधीही विजा चमकल्यासारखे झाले, काळे ठिपके एकदम वाढले किंवा बाजूने सावली सरकली, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे; दृष्टिपटल सुटल्याची ती लक्षणे असू शकतात.

शिबिरांतून शस्त्रक्रिया होतात हे चांगलेच आहे. पण दुसऱ्या दिवशी पट्टी काढली, महिन्याने चष्मा दिला, की फाइल बंद होते. आमची मागणी साधी आहे: मधुमेही रुग्णाच्या डिस्चार्ज कार्डावर एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतील सरासरी साखर दाखवणारी रक्ततपासणी), शस्त्रक्रियेआधीची दृष्टिपटलाची स्थिती आणि सहाव्या आठवड्यातील दृष्टिपटल तपासणीची तारीख लिहिलेली असावी, आणि तालुक्यात ओसीटी नसेल तर त्या दिवशी जिल्हा रुग्णालयापर्यंत जाण्या-येण्याची सोय शिबिराच्या आयोजकांनीच करावी.

— ग्रामीण रुग्णालयांतील काही नेत्रचिकित्सा अधिकारी, सातारा जिल्हा