पाळी सहावीत, धडा दहावीत

मा. शालेय शिक्षणमंत्री, महाराष्ट्र राज्य
स.न.वि.वि.

जुलै 2025मध्ये शहापूर तालुक्यातल्या एका शाळेत बाथरूममध्ये रक्ताचे डाग दिसले, आणि पाळी कुणाला आलीय हे शोधायला मुलींना कपडे काढायला लावलं. गुन्हा दाखल झाला, अटक झाली, विषय मिटला. तिथे लागत काय होतं, साहेब? बादलीभर पाणी, झाकणाचा डबा आणि ‘पॅड हवंय का गं?’ असं विचारणारी एक बाई.

बहुतेक मुलींना पाळी येते अकरा ते चौदाव्या वर्षी, म्हणजे सहावी ते आठवीत. ऋतुचक्राचा धडा मात्र दहावीच्या विज्ञान भाग 2मध्ये. तोवर पाळीने थांबायचं का? बरं, धडा म्हणजे आकृती काढा, नावं द्या. पॅड चार ते सहा तासांनी बदलायचं, कापड असेल तर साबणाने धुऊन उन्हात वाळवायचं, पलंगाखाली नाही, हे त्या आकृतीत कुठे बसतं? पहिली दोनेक वर्षं पाळी मागेपुढे होतेच. पण सात दिवसांच्या वर रक्त गेलं, किंवा तासा-दोन तासांत पॅड भिजायला लागलं, तर दवाखाना गाठायचा. पांढरं जाणं हा दरवेळी रोग नसतो. खाज, घाण वास असेल तर दाखवायचं. एवढं सांगायला पीएचडी लागत नाही.

2020च्या केंद्राच्या शालेय आरोग्य कार्यक्रमात शाळेमागे दोन आरोग्यदूत शिक्षक, 11 विषय, आठवड्याला एक तास. कागद फार सुंदर आहे. तो तास गणित खातं. फारच झालं तर मुलग्यांना मैदानावर पिटाळून, दार लावून ‘स्वच्छता पाळा’. उद्या स्कर्टवरच्या डागाला हसणार तेच मुलगे.

पॅड जाळायच्या मशीनचंही तेच. फीत कापली, फोटो झाला. जास्त पॅड कोंबले की अर्धवट जळतात, वर्गात धूर येतो. राखेचा कप्पा साफ करायचा कुणी, वीजबिल कुणी भरायचं, हे ठरलेलंच नसतं. मग प्लग निघतो आणि मशीनवर झाडू ठेवला जातो. 2018मध्ये अस्मिता योजनेत जिल्हा परिषद शाळेतल्या मुलींना पाच रुपयांत आठ पॅड जाहीर झाले. छान. पण शाळेतल्या पॅडच्या कपाटाची किल्ली मुख्याध्यापकांच्या खिशात असेल, तर सातवीतली मुलगी सरांकडे ती मागेल?

2007मध्ये याच राज्यात लैंगिक शिक्षण बंद पाडलं होतं, संस्कृतीच्या नावाने. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण-5 सांगतं, महाराष्ट्रात 20 ते 24 वयाच्या 21.9 टक्के बायकांची लग्नं अठराच्या आत लागली. अक्षता टाकताना कुणाची संस्कृती आडवी आली नाही! लैंगिक अत्याचार कळला की पोलिसांना कळवणं पोक्सोच्या, म्हणजे मुलांवरचे लैंगिक अत्याचार रोखणाऱ्या कायद्याच्या, कलम 19ने बंधनकारक आहे. हे शिक्षकांना नुसत्या परिपत्रकाने नाही, प्रशिक्षणात समोर बसवून सांगा.

धडा पाचवीच्या शेवटी आणा, मुलग्यांसकट. समिती नेमाल, अहवाल येईल, ठीक आहे. तोवर ती किल्ली तेवढी बाईंकडे द्यायला सांगा. त्याला जीआर लागत नसावा.

आपल्या,
शाळांतून किशोरी आरोग्याचे वर्ग घेणाऱ्या कार्यकर्त्या