चांगली एसएसडी ‘खराब’ ठरवल्याबद्दल तक्रार

प्रति,
ग्राहक तक्रार विभाग

विषय: बायोस (लॅपटॉप सुरू करणारी मूळ प्रणाली) अपडेटनंतर विंडोज सुरू न होणे व सर्व्हिस सेंटरने केलेले चुकीचे निदान

महोदय,

बाराव्या पिढीचा इंटेल प्रोसेसर असलेला तुमचा लॅपटॉप मी विंडोजविना घेतला. विंडोज ११ टाकताना इन्स्टॉलरला डिस्क दिसेना. अशा लॅपटॉपमध्ये इंटेलची व्हीएमडी ही डिस्क हाताळणारी कंट्रोलरची सोय बहुधा चालू करूनच दिलेली असते. ती चालू असली की एनव्हीएमई डिस्क (वेगवान प्रकारची एसएसडी) त्या कंट्रोलरच्या आड जाते आणि इंटेलचा आरएसटी ड्रायव्हर (अशी डिस्क विंडोजला दाखवणारे सॉफ्टवेअर) वेगळा दिल्याखेरीज इन्स्टॉलरला सापडत नाही. मी बायोसमध्ये व्हीएमडी बंद करून विंडोज टाकले. ते उत्तम चालले.

पुढे तुमच्याच अ‍ॅपने बायोसचा अपडेट सुचवला. तो होताच निळी स्क्रीन आली: ‘इनअ‍ॅक्सेसिबल बूट डिव्हाइस’. सर्व्हिस सेंटरने जॉब शीटवर ‘एसएसडी फेल्युअर’ लिहून नव्या डिस्कचे कोटेशन हातात ठेवले. जुना डेटा विसरा, असेही सांगितले. वॉरंटीचे विचारले, तर ‘ओएस तुम्ही टाकलीत, वॉरंटीत बसत नाही.’ डिस्क खरेच जळाली असती, तर ओएस कोणी टाकली याच्याशी तिचा काय संबंध?

तपासणीचे पैसे भरून लॅपटॉप घरी आणला. बायोसमध्ये डिस्कचे नाव आणि क्षमता व्यवस्थित दिसत होती. उबुंटू ही दुसरी ओएस थेट पेनड्राइव्हवरून चालवून फायली उघडल्या आणि स्मार्ट या डिस्कच्या आरोग्य चाचणीतही दोष निघाला नाही. अपडेटने बायोसच्या सेटिंग मूळपदावर नेल्या होत्या, त्यामुळे व्हीएमडी पुन्हा चालू झाले होते. ते बंद असताना टाकलेले विंडोज सुरू होताना व्हीएमडीचा ड्रायव्हर लावतच नाही, म्हणून डिस्क जागेवर असूनही मिळत नाही. व्हीएमडी बंद केले आणि विंडोज सुरू झाले. यासाठी स्क्रू ड्रायव्हरही लागला नाही! हे ठाऊक नसलेला ग्राहक नवी डिस्क विकत घेऊन, वर जुन्या फायलींना मुकला असता.

तपासणीचे पैसे परत करावेत. जॉब शीटवरील नोंद लेखी दुरुस्त करावी. उद्या खरा बिघाड झाल्यावर हीच नोंद पुढे करून तुम्ही वॉरंटी नाकाराल, अशी मला भीती आहे. अपडेटच्या सूचनेतही सेटिंग बदलत असल्याचे स्पष्ट लिहावे. १५ दिवसांत लेखी उत्तर न आल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनकडे (१९१५) आणि गरज पडल्यास ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार जिल्हा आयोगाकडे दाद मागेन.

आपला ग्राहक

सोबत: बिल, जॉब शीट, कोटेशन, स्मार्ट चाचणीचा अहवाल