विहिरीकडच्या वावरात

ति. बाबा आणि आई,
सा. न. वि. वि.

फोनवर सांगायचं तीनदा ठरवलं आणि तीनदा हवापाण्यावर बोलून फोन ठेवला. म्हणून हे पत्र. विहिरीकडच्या वावरात मी मोहरी पेरली आहे. पेरून 21 दिवस झाले.

बाबा, एवढंच वाचून कागद आईकडे सरकवू नका. पुढचं वाचा.

जिन्याखालची तुमच्या न खपलेल्या मोहरीची ती पोती मी विसरलेले नाही. पण तुमचं पीक कुठे चुकलं होतं? दाणा चांगला टपोरा होता, घेणारा नव्हता एवढंच. आपल्याकडे मोहरीचा बाजारच लहान. चार जणांनी जास्त पेरली की भाव बसतो, आणि गव्हासारखी कुठेही नेऊन ओतता येत नाही. म्हणून मी आधी गिऱ्हाईक पाहिलं, मग बियाणं आणलं. करार पेरणीच्या आधी झालाय, दर त्यात लिहिलाय. त्या वावरात पिकेल ते सगळं ते घेणार, अमुक इतकी पोती द्याच असं नाही. हे कलम मी भांडून घातलं. वजनाचा करार असता आणि पीक बुडालं असतं, तर दुसऱ्याची मोहरी विकत घेऊन त्यांना भरून द्यावी लागली असती. तुम्ही शेजारी बसला असतात तर पहिला प्रश्न हाच विचारला असतात. तो मी तुमच्याच आवाजात विचारला, खरं सांगते. तुमच्या वेळी असे कागद करायची रीतच कुठे होती!

बाकी सगळी वावरं गव्हाखालीच आहेत. एवढं एकच.

पिवळी घेतली, तपकिरी नाही. तपकिरीच्या शेंगा पिकल्या की तडकतात, एक वारा आला तर दाणा मातीत. ती आधी कापून वाळवायला माणसं हवीत. पिवळी शेंगेत दाणा धरून ठेवते, उभी वाळू द्यायची आणि थेट मळायची. मला एकटीला तेच झेपेल. बी एकरी 4 किलो लागलं, जेमतेम दोन सेंटिमीटर खोल. तीन महिन्यांत रान मोकळं.

पहिले तीन आठवडे झोप नव्हती हे कबूल करते. ते काळे, टिचकीसरशी उडणारे भुंगेरे दोन पानांच्या रोपांवर बसतात आणि पानाला सुईनं टोचल्यासारखी भोकं पाडतात. मी रोज सकाळी गुडघ्यावर बसून पानं पाहत होते. पाव पान गेलं तर फवारायचं ठरवलं होतं, तेवढी वेळ आली नाही. आता चौथं पान फुटलंय. रानमोहरी मात्र फुलायच्या आत हातानंच उपटायची आहे. तिचा दाणा जवळजवळ एवढाच, एकदा मालात मिसळला की चाळणीनं वेगळा करणं फार अवघड.

आई, तू मोहरी वाटायला बसवायचीस आणि ओरडायचीस, "गार पाणी घे गं, गरम नको." परवा खरेदीदाराच्या माणसानं मोठ्या थाटात तेच सांगितलं. तिखटपणा दाण्यात तयार नसतोच. दाणा फुटून पाणी लागलं की आतलं विकर (एन्झाइम) कामाला लागतं आणि तो तयार होतो. उकळत्या पाण्यात ते विकरच मरतं. तपकिरीचा ठसका नाकात चढतो, पिवळीचा जिभेवरच राहतो. मी म्हटलं, मला हे आठव्या वर्षापासून पाठ आहे, फक्त कारण आज कळलं. तुझ्या मांडीवर डोकं टेकून नाक धरून बसायचे ते आठवलं. डोळ्यांत पाणी मोहरीमुळेच यायचं, नेहमीच.

ट्रॉलीच्या फटींना आत्ताच चिकटपट्टी लावून ठेवलीय. हा दाणा पाण्यासारखा वाहतो, बोट जाईल एवढं भोक असलं तर घरी येईपर्यंत पोतं रिकामं. ओलावा 9 टक्क्यांच्या वर ठेवायचा नाही, म्हणून ओलावा मोजायचं यंत्र भाड्यानं आणणार आहे. बाबा, तुम्ही पोत्यात हात घालून सांगायचात. माझा हात अजून तसा झालेला नाही.

आता ऐका. कापणीला यायचं नाही. "नुसता बांधावर बसेन" हे मी ऐकणार नाही, तुम्ही बसत नाही. गुडघ्याचा पट्टा दिवसभर लावायचा, दादानं विचारल्यावर नव्हे. आई, तू रात्रीची गोळी उशीखाली ठेवतेस हे वहिनीला माहीत आहे आणि मलाही. खोलीत ऊन येत नसेल तर खुर्ची गॅलरीत हलवून घ्या, लाजू नका, ते घरही तुमचंच आहे. तुमची इथली पलंगाची बाजू मी झाडून ठेवलीय, गोधडी उन्हात घातली होती.

कराराची प्रत सोबत आहे. चौथं कलम चष्मा लावून नीट वाचा. त्यात माल नापास झाला तर काय, हे मोघम लिहिलंय असं मला सही केल्यावर वाटायला लागलं. काय बोलायचं ते फोन करून बोला, पण जेवण उरकल्यावर. आधी केलात तर आवाज चढतो आणि ताट तसंच राहतं.

तुमची,
चिमी